बीजभांडवल विद्यापीठाचे, ठिबक जळगावचे

बियाण्याला पैसा लागतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. संशोधनालाही बियाणे लागते, आणि ते पैशाचेच असते. विद्यापीठे त्याला बीजभांडवल म्हणतात. रक्कम फार मोठी नसते. एक-दोन विद्यार्थ्यांचा दोन-तीन वर्षांचा खर्च, थोडे साहित्य, थोडा प्रवास. उगवेलच अशी हमी कोणी मागत नाही. हमी असलेल्या कामाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात हो. कोरडवाहू माणसाच्या अडचणीवर पैसा लावणारे थोडे.

अमेरिकेत बोस्टनशेजारी एमआयटी (पुण्याची नव्हे) म्हणून विद्यापीठ आहे. तेथे २०१२ साली टाटा ट्रस्ट्सच्या देणगीतून टाटा सेंटर सुरू झाले. भारतासारख्या देशांतील पाणी, वीज, शेती यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून पाठबळ मिळाले. त्यातलेच एक काम ठिबकचे. प्रा. अमोस विंटर यांच्या प्रयोगशाळेने ते जळगावच्या जैन इरिगेशन कंपनीच्या साथीने केले.

रान चढउताराचे असले की साधा ड्रिपर सखल भागात जास्त पाणी सोडतो आणि वरच्या अंगाची झाडं तहानलेली राहतात. म्हणून आत रबरी पडदा असलेला, दाब सांभाळणारा पीसी ड्रिपर आला. पण तो नीट चालायला साधारण एक बार दाब हवा, म्हणजे दहा मीटर उंच टाकीइतका जोर. हा जोर पंपाने द्यायचा आणि त्याची किंमत मालकाने मोजायची. पडदा किती वाकतो, पाणी कोणत्या फटीतून जाते, याचे गणित मांडून विंटर यांच्या चमूने ड्रिपरचा आतला आकार बदलला. नवा ड्रिपर ०.१५ बारवर, म्हणजे दीड मीटर जोरावर चालू लागला. मोरोक्को व जॉर्डनमधील शेतांत चाचण्या झाल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाणी ढकलायची ऊर्जा चाळीस टक्क्यांहून अधिक वाचल्याचे दिसले.

आता हिशेब आपल्या बांधावर करू. बोअरमध्ये पाणी तीनशे फुटांवर असेल, तर पंप नव्वद मीटर उपसतो. त्यात साडेआठ मीटर वाचले तर फरक जेमतेम आठ-नऊ टक्के. शेततळ्याचे पाणी पाच मीटर उचलायचे असेल, तर तोच फरक निम्म्याहून जास्त होतो. (फिल्टर आणि पाइपातील घट दोन्हीकडे वेगळी धरावी.) साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात २०२४ पासून मोफत विजेची योजना आहे, तेव्हा बिलात फरक दिसणार नाही. सौर पंप घेणाऱ्याला मात्र कमी पॅनेलात भागेल. शेततळी आणि सौर पंप ज्या गावात आहेत, तिथल्या ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी हे गणित एकदा वहीत मांडून पाहावे.

बीजभांडवलाची धाव नमुन्यापर्यंतच. साचे, कारखाना, दूरच्या शेतांतील चाचण्या यांचा खर्च वेगळाच. मोरोक्को-जॉर्डनच्या चाचण्यांना अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेचा पैसा होता. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली. रोप तयार, पण लावायला रान नाही, अशी वेळ अशा किती कामांवर येईल, हीच काळजी आहे.

आपल्याकडे प्रश्न पोचवायला वाट आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते आणि तिच्यावर शेतकरी प्रतिनिधीही असतात. तिथे नुसतं ‘ठिबक परवडत नाही’ म्हणून भागत नाही. पाणी किती फुटांवर, पंप किती अश्वशक्तीचा, लॅटरल किती लांब, शेवटच्या ड्रिपरला तासाला किती लिटर पडतं, एवढं मोजून नेलं की शास्त्रज्ञाच्या हाती काम लागतं. मोजायला एक बादली आणि घड्याळ पुरे.