युनचौशी गावची ल्यू हूलान

चीन देशाच्या उत्तरेला शान्शी नावाचा प्रांत आहे. डोंगर पुष्कळ, पाऊस बेताचा. मधून फेन नावाची नदी वाहते. तिच्या काठच्या सपाट जमिनीत गहू पिकतो, बारीक धान्ये पिकतात, आणि ज्वारीही पिकते. तिकडेही जनावरांना धाटे तोडून घालावी लागतात. त्याचे हत्यार असे असते : खाली जाड लाकडाचा ओंडका, त्यावर लांब लोखंडी पाते. पात्याचे एक टोक ओंडक्याला खिळीने अडकवलेले, दुसऱ्या टोकाला मूठ. एकाने चारा पुढे सारायचा, दुसऱ्याने मूठ दाबायची. थोरला अडकित्ताच म्हणा ना! हे हत्यार ध्यानात ठेवा.

या प्रांतात वेनश्वेई तालुका आहे. त्यातल्या युनचौशी गावात 1932 साली एका शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली. चीनमध्ये आडनाव आधी लावतात, मग नाव. हिचे आडनाव ल्यू, नाव फूलान. आई ती लहान असतानाच वारली. बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आईचे माहेरचे आडनाव हू. तिने मुलीच्या नावातला ‘फू’ काढून तिथे आपला ‘हू’ घातला. फूलानची हूलान झाली. सावत्र आई म्हटले की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. पण ही बाई पोरीच्या पाठीशी राहिली.

मुलगी पाच वर्षांचीही नव्हती, तेव्हा 1937 साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जपानी फौजा शान्शीत शिरल्या. डोंगरांतून त्यांच्याशी लढणाऱ्यांत कम्युनिस्ट पक्षाचे सैन्य होते. आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच सैन्यातल्या जखमींची सेवा करीत होते. 1942 साली शेजारच्या हेबेई प्रांतात ते वारले. तेव्हा तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

या सैन्याच्या ताब्यातल्या गावांत हिवाळ्यात, शेतीची कामे सरली की, मोठ्या माणसांच्या शाळा भरत. बायकाही तिथे अक्षरे गिरवीत. ज्या देशात पोरींचे पाय लहान राहावेत म्हणून ते फडक्याने आवळून बांधीत, तिथे ही केवढी गोष्ट!

1945 साली जपान हरला. त्याच वर्षी तालुक्यात बायकांसाठी कार्यकर्त्यांचा वर्ग निघाला. हूलान तेरा वर्षांची. ती तिथे महिनाभराहून जास्त राहिली आणि शिकून परत आली. गावच्या महिला मंडळाचे चिटणीसपद तिच्याकडे आले. मंडळाच्या बायका सैनिकांसाठी कापडी जोडे शिवीत. 1946 साली पक्षाने तिला उमेदवार सभासद करून घेतले. वय भरत नव्हते, म्हणून पुरे सभासदत्व दिले नाही.

पण देशाला शांतता कुठली! आता चिनी माणूसच चिनी माणसाशी लढू लागला. एका बाजूला कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला त्या वेळचे सरकार. शान्शीत सरकारच्या बाजूने यान शिशान हा जुना सरदार होता. त्याची फौज वेनश्वेईत उतरली. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना डोंगरात निघून जाण्याचा हुकूम आला. हूलान मात्र गावातच राहिली. लहान पोरीवर कोण संशय घेणार, असा हिशेब होता.

पुढची गोष्ट पुष्कळ जण गाळून सांगतात. आम्ही गाळणार नाही. गावचा मुखिया यानच्या फौजेला धान्य पोचवी, बातम्याही देई. डिसेंबर 1946 मध्ये कम्युनिस्टांच्या टोळीने त्याला ठार केले. या कामात हूलानचीही मदत होती, असे तिकडच्या हकिकतींत सांगतात. चौकशी नाही, पंच नाहीत, आणि माणूस मारायचा, हे आम्हाला पटत नाही. आणि चौदा वर्षांच्या पोरीला त्यात ओढायचे, हे तर मुळीच नाही. आम्ही सारा जन्म शाळेत काढला. चौदा वर्षांची मुलगी म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. आठवी-नववीतली. गणित चुकले तर रडणारी.

12 जानेवारी 1947. कडाक्याची थंडी. यानच्या फौजेने गावाला वेढा घातला. सगळ्यांना देवळाजवळच्या पटांगणात गोळा केले. हूलानला ओळखून बाजूला काढले. जाताना तिने आईच्या हाती तीन वस्तू दिल्या असे सांगतात : आजीची चांदीची अंगठी, एक हातरुमाल आणि मलमाची डबी.

शिपायांचे म्हणणे एवढेच होते : पक्षाचे आणखी लोक कोण ते सांग, आणि पक्ष सोडला असे गावापुढे बोल, म्हणजे सुटशील. ती बोलली नाही. मग चारा तोडायचे ते हत्यार पटांगणात आणले. गावच्या सहा पुरुषांना तिच्या डोळ्यांदेखत मारले. पुन्हा तिला विचारले. पुन्हा नाही. मरणाला भिणाऱ्याने या पक्षात येऊच नये, असे ती म्हणाल्याचे सांगतात. मग ती आपण होऊन पात्याकडे गेली.

आता विचार करा. समोर सारा गाव, आईबाप त्याच गर्दीत. दोन शब्द खोटे बोलली असती, तरी कोणी तिला दोष दिला नसता. आम्ही तर दिला नसता. पण तिच्या तोंडून एक नाव गेले असते, तर त्या पात्याखाली आठवा माणूस आला असता. ते नाव तिने दिले नाही. तिचा पक्ष कोणाला आवडो न आवडो, एवढे तिचे तिच्यापाशी राहते.

दोन महिन्यांनी ही बातमी पक्षाचे पुढारी माओ त्से-तुंग यांच्या कानी गेली. तिचे जगणे थोर होते आणि मरण गौरवाचे, अशा अर्थाची आठ चिनी अक्षरे त्यांनी लिहून दिली. तो कागद लढाईच्या धामधुमीत हरवला. म्हणून 1957 साली त्यांनी ती अक्षरे पुन्हा लिहिली. मेल्यानंतर पक्षाने तिला पुरे सभासदही करून घेतले. 1949 साली कम्युनिस्टांचे राज्य आले, आणि यान शिशान तैवान बेटावर गेला. तो 1960 साली तिथेच वारला.

युनचौशीत हूलानचे स्मारक आहे, पांढऱ्या दगडाचा पुतळा आहे. चीनमध्ये शाळेतल्या पोरांना तिची गोष्ट शिकवतात. गावाचे जुने नावही आता राहिले नाही. त्याला ल्यू हूलान गाव म्हणतात. सावत्र आईने घातलेला तो ‘हू’ गावाच्या नावातही आला.