इंजिन कुणीकडून बघायचं?

मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी या पावसाळ्यात शेड बंद केली. व्हाइस, चेनपुली, पुलर, सगळं भंगारवाल्याने किलोवर नेलं. मुलगा मुंबईत एसी दुरुस्त करतो, त्याला कोण काय बोलणार? मला झोंबलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात नवी इंजिनं विकणाऱ्या एका पोराला मी सहज विचारलं, "हे कुठल्या हाताचं, उजव्या की डाव्या?" तो म्हणाला, "काका, आता सगळी एकाच बाजूला फिरतात. बाकीचं गिअरबॉक्स बघतो." तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत.

होड्यांवर इंजिनं चढली ती १९५०च्या दशकापासून. त्यापुढची तीस-चाळीस वर्षं मला सांगण्याजोगी वाटत नाहीत. कर्ज, सोसायटी, सबसिडी आणि खडकीचं किर्लोस्कर, चिंचवडचं रस्टन, नाहीतर मद्रासचं लेलँड. पाटी असे, पुस्तक असे, कंपनीचा माणूस असे. अशा इंजिनाची ओळख पटवायला अक्कल लागत नाही.

अक्कल लागली १९९०च्या दशकात. तेव्हा माझं धक्क्याजवळ स्पेअर पार्टचं दुकान होतं. अलंगला १९८३पासून जहाजं मोडली जात होती, मुंबईत दारुखाना होताच. मोडलेल्या जहाजांच्या लाइफबोटींतली इंजिनं ट्रकने आमच्याकडे उतरायची. इंग्लंडचं लिस्टर, डेन्मार्कचं बुख, नॉर्वेचं साब. माल अस्सल. उणे १५ अंशांतही चालू झालं पाहिजे, असा लाइफबोटीच्या इंजिनाला आंतरराष्ट्रीय दंडकच आहे. जहाजावर वर्षानुवर्षं आठवड्याला तीन-चार मिनिटं फिरवून ठेवलेली, जवळजवळ कोरी इंजिनं. फक्त पितळी पाटी तेवढी आधीच कुणीतरी उपटलेली.

मग चौकशी सुरू. ब्लॉकवर ओतलेला नंबर वायरब्रशने घासून काढायचा, सिलिंडर मोजायचे, डिझेल पंप कुणाचा ते बघायचं. बॉशच्या किंवा आपल्या मायकोच्या लाइन पंपाच्या नंबरात आर किंवा एल हे अक्षर असतं, उजवं की डावं. नवशिके तिथेच थांबायचे. पण ते फिरणं पंपाचं, तेही ड्राइव्हच्या बाजूने बघितलेलं. मधे गिअर किती आहेत त्यावर क्रँक उलटा निघू शकतो. हँडलवरही विसंबायचं नाही, कारण काही इंजिनांत हँडल कॅमशाफ्टला लागतं आणि थेट गिअरवरचा कॅमशाफ्ट क्रँकच्या उलट फिरतो.

मिस्त्री व्हॉल्व्हचं झाकण काढायचे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड कुठला आणि हवेचा कुठला हे बघून एका सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह पक्के करायचे, मग सब्बल लावून फ्लायव्हील सावकाश ढकलायचे. दोघं एकदम हलतात तो क्षण पकडायचा. एक्झॉस्ट मिटता मिटता हवेचा उघडायला लागला, तर फिरवताय ती दिशा बरोबर. हवेचा मिटून एक्झॉस्ट उघडला, तर उलटी. मग फ्लायव्हीलवर खडूने बाण. ना पाटी, ना पुस्तक.

खरी भांडणं बाणानंतर लागत. घड्याळाच्या काट्याप्रमाणे, हे ठीक. पण बघायचं कुणीकडून? ट्रकच्या जातीचं इंजिन पुलीकडून बघितलं तर काट्याप्रमाणे फिरतं, तेच फ्लायव्हीलकडून बघितलं तर काट्याविरुद्ध. पंखा, म्हणजे प्रोपेलर, मात्र नेहमी बोटीच्या मागे उभं राहून, तोंड नाळेकडे करून बघायचा. त्यात फ्लायव्हील पुढे आणि गिअर मागे अशीही इंजिनं येत. एका कार्यालयाच्या फॉर्मवर तर 'फिरण्याची दिशा' एवढाच रकाना होता, कुणीकडून ते नाही. मी विचारलं तर कारकून म्हणाला, "काहीही लिहा, पण इंजिन नंबर द्या." पाटी नसलेल्या इंजिनाला नंबर कुठून आणणार? धक्क्यावर छिन्नी-पंच घेऊन नंबर पाडून देणाराच बसू लागला. त्याचा धंदा माझ्यापेक्षा बरा चालला.

आमच्या एका दलालाचा हिशेब अजून बाकी आहे. त्याने एका नाखव्याला उलट्या हाताचं इंजिन गळ्यात मारलं, पंखा जुनाच. बोट पाण्यात टाकली, गिअर पुढे टाकला, तर बोट मागच्या दोन होड्यांवर गेली. दलाल शांतपणे म्हणाला, "गिअर उलटा टाकत जा, झालं." नाखव्याने तसंच केलं. बहुतेक गिअरबॉक्समधली रिव्हर्स धक्क्याला लागताना थोडा वेळ वापरायची सोय असते, रात्रभर जाळं ओढायला नव्हे. हंगाम संपायच्या आत क्लचप्लेटा जळाल्या. डाव्या हाताचा पंखा घेतला असता तर त्या खर्चाच्या निम्म्यात भागलं असतं, पण ते सांगायला दलाल फिरकलाच नाही.

हात माहीत असणं फक्त विकत घेतानाच उपयोगी, असंही नव्हतं. उजव्या हाताचा पंखा रिव्हर्समध्ये बोटीची पिछाडी डावीकडे ओढतो. आमचे तांडेल त्या ओढीच्या हिशेबाने डावी बाजू धक्क्याला लावायचे, सुकाणूला फारसा हात न लावता.

जुन्या टगांतून कधी जोडीची जीएमची ७१ सिरीज यायची, ती मिस्त्रींची लाडकी. १९३८पासूनची ही इंजिनं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लँडिंग क्राफ्टमध्ये बसलेली. तोच ब्लॉक उजवा किंवा डावा जुळवता यायचा, म्हणून दोन पंख्यांच्या बोटीत एक इकडे, एक तिकडे. आता जोडीतली दोन्ही एकाच बाजूला फिरतात, उलटवायचं काम गिअरबॉक्सकडे.

नंतरच्या वर्षांत चिनी सहा सिलिंडर आली. ताकद भरपूर, किंमत कमी, आवाज अफाट. त्यावर स्वतंत्रपणे शिव्या देईन.

त्या विक्रेत्या पोराला मी म्हटलं, झाकण काढ, दाखवतो दिशा कशी ओळखायची. त्याने चटकन माझ्या हातातला पाना घेतला. झाकणाच्या बोल्टवर कंपनीचं सील होतं. ते तुटलं की वॉरंटी गेली.