२२० वजा वय : या आकड्यावर किती विसंबायचं?

मागच्या भागात आपण पाहिलं की व्यायाम सुरू झाला की स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तो पोचवायला हृदय भराभर धडधडायला लागतं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. समोरच्या माणसाचं हृदय किती धडधडू द्यायचं?

जिममध्ये याचं उत्तर बहुधा भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात असतं. २२० मधून वय वजा करा, आलेल्या संख्येचे ६० टक्के, ७० टक्के, ८५ टक्के काढा, झालं. परीक्षेलाही हे विचारतात, त्यामुळे पाठ करा. पण ते आलं कुठून हेही माहीत असू द्या. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी तोवरच्या काही अभ्यासांमधली माहिती एका आलेखावर मांडली आणि तिच्यातून साधारण जुळणारी रेघ ओढली. एकेका माणसाचा व्यायाम ठरवायला केलेलं हे गणित नव्हतंच. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बरीच जास्त माहिती तपासून दुसरं सूत्र दिलं : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० वरच येतात. पासष्टीत मात्र जुनं १५५ सांगतं आणि नवं साधारण १६२.

तरी खरी अडचण सूत्र कोणतं ही नाहीच. दोन्ही सूत्रं सरासरी सांगतात, आणि एकाच वयाच्या माणसांमध्ये कमाल ठोके दहा-बारांनी वरखाली असणं अगदी सामान्य आहे. काहींच्या बाबतीत फरक वीसचाही निघतो. म्हणजे बावन्न वर्षांच्या गृहस्थांसाठी तक्ता १६८ म्हणतो, पण त्यांचा खरा आकडा १५० असेल किंवा १८५ असेल. तुम्हाला तो चेहऱ्यावरून कळत नाही.

यात थोडी सुधारणा करता येते. फिनलंडच्या कार्वोनेन यांची पद्धत विश्रांतीचे ठोकेही हिशेबात घेते. याच गृहस्थांचे सकाळी अंथरुणात मोजलेले ठोके ७२ धरा. १६८ वजा ७२ म्हणजे ९६, ही त्यांची राखीव क्षमता. तिचे ६० टक्के साधारण ५८, त्यात ७२ मिळवले की १३०. नुसत्या १६८ चे ६० टक्के काढले असते तर १०१ आले असते. १०१ ठोक्यांना बरेच लोक जिना चढूनच पोचतात! म्हणून ‘६० टक्के’ कुणी सांगितलं की कशाचे ६० टक्के, हे आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हेच गृहस्थ रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेत असतील तर? या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम त्या कमी करतात, म्हणून ठोके वाढतच नाहीत, किंवा फार थोडे वाढतात. ट्रेनर तक्ता बघून १३० ची वाट बघत बसतो, आकडा ११० वर अडकतो, तो ट्रेडमिलचा चढ वाढवतो, मग वेग वाढवतो. माणूस धापा टाकतोय आणि मशीन म्हणतंय अजून जोर लावा. इथे मशीनचं ऐकलंत तर तुम्ही एका हृदयाच्या रुग्णाला त्याच्या ताकदीपलीकडे ढकलताय.

म्हणून पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेताना ‘काही आजार आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे बरेच लोक ‘बीपी होतं, आता गोळीने नॉर्मल आहे’ म्हणून ‘नाही’वर खूण करतात. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता? पाकिटाचा फोटो पाठवता का?’ असं विचारा. प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी मायग्रेनसाठी आणि हात थरथरण्यावरही देतात, त्यामुळे तिशीतली, रक्तदाब अगदी छान असलेली मुलगीही ती घेत असू शकते. गोळी बंद करा, कमी करा, असा सल्ला मात्र कधीही देऊ नका. बीटा ब्लॉकर अचानक सोडली तर हृदयावर ताण उलटून येतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

मधुमेही क्लायंट असेल तर आणखी सावध राहायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामात खाली जाऊ शकते. एरवी छातीत धडधडतं, हात कापतात, माणूस स्वतःच थांबतो. सोबत बीटा ब्लॉकर असेल तर या दोन्ही खुणा दबतात. उरतो तो घाम, आणि जिममध्ये घाम कुणाला येत नाही? तेव्हा बोलणं अडखळतंय का, साधी सूचना कळत नाहीये का, विनाकारण चिडचिड होतेय का, हे बघा. शंका आली तर व्यायाम थांबवा आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ किंवा ११२ ला फोन करा.

मग आकडा नाही तर काय बघायचं? बोलणं. ही चाचणी फुकट आहे, आणि तिच्यामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की स्नायूंमध्ये आम्लता वाढते, रक्तातलं बायकार्बोनेट ती शमवतं, आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास एकदम वाढतो, म्हणून वाक्य मध्येच तुटतं. व्यायाम चालू असताना क्लायंटला घरापासून जिमपर्यंतचा रस्ता सांगायला लावा, त्याच्या भाषेत. पूर्ण वाक्यं येतात पण गाणं म्हणता येणार नाही, तर श्रम मध्यम. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागतो, तर श्रम जोराचे. नवख्या माणसाला पहिले काही आठवडे पहिल्या पायरीवरच ठेवा.

जोडीला स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रममापनाची पट्टी वापरा. मूळची ६ ते २० अशी आहे, कारण निरोगी तरुणात त्या अंकाला दहाने गुणलं की साधारण ठोके येतात. आपल्या क्लायंटना ० ते १० ची सोपी जाते. फक्त ‘कितीवर आहात?’ हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू नका. पुरुष मंडळी दोन अंक कमी सांगतात!

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. मे महिन्यात नागपूरला किंवा हैदराबादला, वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये, तोच वेग ठेवूनही अर्ध्या तासात ठोके चढत जातात. रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि हृदय ठोके वाढवून ते भरून काढतं. याला तंदुरुस्ती घसरली असं समजू नका. वेग कमी करा, पाणी द्या.

छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, चक्कर, श्रमाच्या मानाने फारच दम लागणं, यातलं काहीही दिसलं की व्यायाम तिथेच बंद. ‘अ‍ॅसिडिटी झाली असेल’ हे वाक्य क्लायंट म्हणेल, तुम्ही म्हणू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा.

या आठवड्यात घरातल्या तीन माणसांची सकाळची नाडी मनगटावर मोजा, पूर्ण एक मिनिट. मग त्यांच्याबरोबर वीस मिनिटं झपाझप चाला आणि बोलण्याची चाचणी करून लिहून ठेवा. ती वही पुढच्या भागात लागेल. तेव्हा वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाबाचं काय होतं, ते पाहू.