पाहुणा कोणाचा?

चित्रपट महोत्सवात महत्त्व चित्रपटाला असते, असे सगळेच म्हणतात. परंतु महोत्सवाची बातमी होते ती पाहुण्यांमुळे. कोणता दिग्दर्शक आला, कोणती नटी आली, कोण ऐनवेळी आलेच नाही, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. वस्तुतः चित्रपट कोठूनही मागविता येतो. त्याला निवासाची खोली लागत नाही, जेवणखाण लागत नाही, दुभाषाही लागत नाही. माणसाला हे सारे लागते आणि त्याचा भार अखेर यजमान गावावर पडतो. मग हा भार गावाने उचलावा कशासाठी? पाहुण्याने येऊन नेमके काय करावे, आणि तो निघून गेल्यावर गावापाशी काय उरावे? जपानमधील तीन शहरांनी या प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती एकमेकांशी ताडून पाहण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर टोकियोचे. राजधानीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९८५ साली सुरू झाला. मोठ्या शहराचा आणि मोठ्या चित्रसंस्थांचा हा महोत्सव. जपानमध्ये नवा चित्रपट लागला, की त्याचा दिग्दर्शक आणि नटनटी चित्रगृहाच्या रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना सामोरे जातात. ‘बुताई आइसात्सु’, म्हणजे रंगमंचावरील अभिवादन, हे या रिवाजाचे नाव. चार शब्द बोलायचे, कमरेत वाकून नमस्कार करायचा, छायाचित्रे काढू द्यायची आणि निघायचे. त्यात शिष्टाचार आहे, आपुलकीही आहे. प्रश्नाला मात्र जागा थोडी. टोकियोच्या महोत्सवात याच रिवाजाला भव्य रूप आले. २००८ मध्ये तेथे लाल पायघड्यांऐवजी हिरव्या पायघड्या अंथरण्यात आल्या. टाकाऊ प्लॅस्टिक बाटल्यांपासून त्या तयार केल्या होत्या आणि पर्यावरणाची जाणीव त्यातून व्यक्त व्हावी, असा हेतू होता. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, याच पायघड्यांवरून वाद पेटला. तैवानच्या पथकाचा उल्लेख कोणत्या नावाने करावा, यावर चीनच्या पथकप्रमुखांनी हट्ट धरला, आणि शेवटी दोन्ही देशांचे कलावंत पायघड्यांवरून चाललेच नाहीत. उत्तम पोशाख करून आलेल्या नटनटींना मागच्या दालनात ताटकळत राहावे लागले. पाहुण्याचा कलावंत म्हणून विचार न करता देशाचा झेंडा म्हणून विचार केला, की असे होते.

अर्थात टोकियोचा महोत्सव म्हणजे केवळ झगमगाट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जपानमधील ताइजी या किनारी गावात होणाऱ्या डॉल्फिनांच्या हत्येवर लुई सिहोयोस या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘द कोव्ह’ हा चित्रपट केला. जपानला तो झोंबणारा होता. २००९ मध्ये टोकियोच्या महोत्सवाने तो दाखविला आणि त्याच्या दिग्दर्शकालाही येऊ दिले. पुढच्याच वर्षी हा चित्रपट सर्वसाधारण चित्रगृहांत लावायची वेळ आली, तेव्हा निदर्शनांच्या भयाने काही चित्रगृहमालकांनी माघार घेतली. बाजार जे करावयास कचरतो, ते महोत्सवाला करता येते, एवढे यावरून सिद्ध होते.

दुसरे उत्तर युबारीचे आणि ते अधिक करुण आहे. होक्काइडो बेटावरील हे डोंगराळ गाव कोळशावर वाढले. १९६० साली त्याची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. पुढे जपानने कोळशाकडे पाठ फिरवून खनिज तेलाची कास धरली आणि एकामागून एक खाणी बंद पडू लागल्या. ऑक्टोबर १९८१ मध्ये युबारीच्या नव्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९३ माणसे दगावली. आग विझविण्यासाठी आत बेपत्ता माणसे असतानाच खाणीत पाणी सोडावे लागले. १९९० मध्ये तेथील अखेरची खाण मिटली. त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या बर्फात, युबारीने अद्भुतरम्य चित्रपटांचा आपला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविला. ‘तांको’ म्हणजे कोळशाची खाण आणि ‘कांको’ म्हणजे पर्यटन. खाणीकडून पर्यटनाकडे, अशी यमकयुक्त घोषणाच तेव्हाच्या महापौरांनी केली होती.

या गावाचे पाहुण्यांचे स्वागत मोठे हृद्य असे. योजी यामादा यांचा पिवळ्या रुमालाचा सुप्रसिद्ध चित्रपट १९७७ साली आला, त्याचा शेवट युबारीत घडतो. तुरुंगातून सुटलेला नायक पत्नीला कळवितो, की अजून माझी वाट पाहत असशील, तर दाराशी पिवळा रुमाल लाव. तो घरी पोचतो, तेव्हा उंच काठीवर रुमालांची रांगच फडकत असते. ही भूमिका केन ताकाकुरा यांची. महोत्सवाचे पाहुणे आले, की युबारीचे नागरिक तसेच पिवळे रुमाल हलवून त्यांचे स्वागत करीत. गावच्या रस्त्यावर जुन्या चित्रपटांचे हाताने रंगविलेले फलक लागलेले असत. १९९३ मध्ये क्वेंटिन टॅरंटिनो हा तेव्हा फारसा परिचित नसलेला अमेरिकी तरुण आपला पहिला चित्रपट ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ घेऊन येथे आला. गावाने त्याच्यावर जीव लावला. दहा वर्षांनी, २००३ साली, त्याने ‘किल बिल’ काढला, तेव्हा त्यातील शाळकरी मारेकरी मुलीचे नाव त्याने ‘गोगो युबारी’ ठेवले. बर्फात गाडलेल्या एका खाणगावाचे नाव अशा रीतीने जगभर गेले.

परंतु नाव जगभर गेले म्हणून गावाची तिजोरी भरत नाही. खाण कंपन्या निघून गेल्या, तेव्हा त्यांची घरे आणि रुग्णालय यांचा भार नगरपालिकेने अंगावर घेतला. मनोरंजन उद्यान, संग्रहालये, हॉटेल यांवर कर्ज काढून पैसा ओतला आणि तूट वर्षानुवर्षे हिशेबात दडवून ठेवली. २००६ मध्ये सारे उघडकीस आले. पुढच्या वर्षी, सुमारे ३५ अब्ज येनचे ओझे डोक्यावर घेऊन, युबारी दिवाळखोर ठरली. नगरपालिकेचे नोकर निम्म्याहून कमी झाले, उरलेल्यांचे पगार कापले गेले, रुग्णालयाचा दवाखाना झाला, सगळ्या प्राथमिक शाळा मिळून एकच शाळा उरली. २०२० पर्यंत लोकसंख्या आठ हजारांच्याही खाली आली होती. त्याआधीच, २०१९ मध्ये, गावात येणारा लोहमार्गही बंद झाला. कर्जाचे मूळ महोत्सवात नव्हते. तथापि पाहुण्यांच्या गर्दीने गाव तरेल, ही आशा मात्र खोटी ठरली.

येथेच युबारीची कहाणी संपली असती, तर ती एक बोधकथा झाली असती. पण ती संपली नाही. २००७ मध्ये नगरपालिकेने हात वर केले आणि महोत्सव रद्द झाला. दुसऱ्याच वर्षी नागरिकांनी एक ना-नफा संस्था उभारून तो पुन्हा सुरू केला. महसूल मिळेल म्हणून हे केले गेले नव्हते. ज्यांच्या मुलांची शाळा गेली, ज्यांच्या आजाऱ्यांना दूरच्या रुग्णालयात जावे लागू लागले, त्या माणसांना वर्षातून काही दिवस आपल्या दारी पाहुणे यावेत, असे वाटले. यजमानपण हीसुद्धा माणसाची एक प्रतिष्ठा आहे. सगळे गमावलेल्या गावाने ती सोडली नाही.

तिसरे उत्तर यामागाता या शहराचे, आणि विचार करण्यासारखे खरे तेच आहे. जपानच्या ईशान्येकडील या शेतीप्रधान प्रदेशातील शहराला १९८९ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. शताब्दीनिमित्त पुतळा किंवा सभागृह उभारण्याऐवजी शहराने अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, ऑक्टोबरात तो भरतो. अनुबोधपटात नटनटी नसतात. तेव्हा झगमगाटाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. येथे येणारा पाहुणा म्हणजे कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षे एखाद्या गावात, गिरणीत किंवा तुरुंगात बसलेला माणूस.

या कल्पनेला बळ देणारे शिन्सुके ओगावा स्वतः असेच होते. नारिता विमानतळासाठी जमिनी घेण्याविरुद्ध सान्रिझुकाच्या शेतकऱ्यांनी लढा दिला, तेव्हा ओगावा आणि त्यांचे सहकारी शेतकऱ्यांतच राहून चित्रण करीत होते. पुढे सत्तरीच्या दशकात हे पथक यामागाताजवळील मागिनो या खेड्यात राहावयास गेले, तेथे त्यांनी स्वतः भात पिकविला आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्या शेताचे व माणसांचे चित्रण केले. पाहुणा म्हणून आलेल्याने आधी गावकरी व्हावे, मग कॅमेरा उचलावा, ही त्यांची रीत. ज्या भूमीत असा पाहुणा राहून गेला, तिला पाहुण्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागला नाही.

पहिल्याच महोत्सवात एक अप्रिय गोष्ट लक्षात आली. आशियातील शहराने भरविलेल्या या स्पर्धेत आशियाचा एकही चित्रपट नव्हता. यजमानांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. ओगावांच्या पुढाकाराने आशियातील दिग्दर्शकांचा परिसंवाद भरला. पैसा नाही, साधने नाहीत, सरकारची कात्री मात्र आहे, अशा व्यथा तेथे मोकळेपणाने मांडल्या गेल्या. फिलिपीन्सचे किडलात ताहिमिक त्यात अग्रभागी होते. अखेरीस एक घोषणापत्र निघाले. ओगावा १९९२ मध्ये निवर्तले. पण आशियाई चित्रपटांचा स्वतंत्र विभाग वाढत गेला आणि त्यातील पुरस्काराला त्यांचेच नाव देण्यात आले.

याचे फळ काय? चीनचा वू वेन्ग्वांग १९९१ मध्ये येथे आला, ओगावांना भेटला आणि त्यांच्या कामाचा ठसा घेऊन परतला. निवेदनाशिवाय, केवळ धीराने पाहत राहणाऱ्या अमेरिकी फ्रेडरिक वाइझमनच्या चित्रपटांची ओळखही चीनच्या नव्या अनुबोधपटकारांना याच वाटेने झाली. २००३ मध्ये वांग बिंगच्या नऊ तासांहून लांब अशा चित्रपटाला येथील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ईशान्य चीनमधील मरू घातलेल्या कारखान्यांची ती गाथा होती. पुढे २००७ आणि २०१९ मध्येही तो मान त्यालाच लाभला. ओगावांचा अपुरा राहिलेला चित्रपट २००१ मध्ये पूर्ण केला तो पंग श्याओल्यान या चिनी दिग्दर्शिकेने. पाहुण्याने यजमानाचे अपुरे काम हाती घेऊन तडीस न्यावे, याहून मोठी परतफेड ती कोणती?

यजमानाची खरी परीक्षा मात्र पाहुणा आपल्याच घराचे उणे दाखवितो, तेव्हा होते. १९९५ मध्ये कोरियाच्या ब्योन यंग-जू या तरुण दिग्दर्शिकेने, महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने लैंगिक दास्यात ढकललेल्या आणि आता वृद्ध झालेल्या स्त्रियांवरचा चित्रपट येथे आणला. जपानमध्ये या विषयाचा उच्चारही अनेकांना नकोसा होता. यामागाताने त्या चित्रपटाला ओगावांच्या नावाचा पुरस्कार दिला. आपल्याकडच्या आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ या चित्रपटालाही १९९३ मध्ये येथे नागरिकांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. तोच चित्रपट स्वदेशातील दूरदर्शनवर दाखविला जावा, यासाठी पटवर्धनांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या शहरातील पाहुणचाराची जागाही सांगण्यासारखी आहे. रात्री चित्रपट संपले, की दिग्दर्शक, परीक्षक, विद्यार्थी आणि गावातील प्रेक्षक लोणच्याच्या एका जुन्या दुकानात जमत. माफक शुल्क द्यायचे, पेला हाती घ्यायचा, जमिनीवर बैठक मारायची आणि दिवसा पाहिलेल्या चित्रपटावर त्याच्या दिग्दर्शकाशीच वाद घालायचा, असा तेथला परिपाठ. विख्यात दिग्दर्शकाच्या शेजारी एखादा दुकानदार बसलेला असे. २०२० मध्ये ते दुकान बंद झाले आणि महोत्सवाच्या कित्येक वारकऱ्यांना ती स्वतःच्या घरची हानी वाटली. मार्च २०११ च्या भूकंपाने व त्सुनामीने शेजारचा किनारा उद्‌ध्वस्त केला, त्या वर्षीही ऑक्टोबरात महोत्सव भरला. आपत्तीवरचे चित्रपट दाखविले गेले आणि दुसऱ्याच्या दुःखावर कॅमेरा रोखण्याचा अधिकार कोणाला, यावर चर्चा झाल्या.

गरीब गावांनी असले सोहळे करूच नयेत, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. युबारीकडे पाहता तो सहज उडवून लावता येत नाही. शाळेचे छप्पर गळत असताना पाहुण्यासाठी पायघड्या अंथरणे हा अपराधच. परंतु येथे वाद खर्चाच्या आकड्याचा कमी आणि हेतूचा अधिक आहे. पाहुण्याकडून गावाला पर्यटक, कीर्ती, छायाचित्रे हवी असतील, तर तो व्यापार झाला आणि व्यापारात नुकसानही येतेच. पाहुण्याकडून गावाला काही ऐकायचे असेल, काही विचारायचे असेल, तर मात्र एक दुभाषा, एक खोली आणि थोडी बसायची जागा एवढे पुरते.

मुंबईत १९९० पासून अनुबोधपटांचा महोत्सव भरतो, २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात भरतो, पुण्याचाही आपला महोत्सव आहे. या सर्व ठिकाणी दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात, भाषणे लांबतात. चित्रपट संपल्यावर मागच्या रांगेतील एखादा विद्यार्थी किंवा कारकून प्रश्न विचारण्यासाठी हात वर करतो, तेव्हा पुढच्या खेळाची वेळ झालेली असते. आयोजकांनी उद्‌घाटनाची दोन भाषणे कमी करून तो वेळ या हाताला दिला, तर त्यात एक पैशाचाही जादा खर्च नाही. पाहुणा महोत्सवाचा असतो तोवर तो छायाचित्रापुरता असतो. मागच्या रांगेतला हात त्याला थांबवू शकला, की तो गावाचा होतो.