पांढरं दिसलं, पण आयोडीन किती?

भूम-परंड्याचा पेशंट सिटी स्कॅनसाठी बहुधा बार्शी, सोलापूर किंवा लातूर गाठतो. बार्शीची वाट तर जुनीच. तिथल्या कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून चालणाऱ्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत बार्शीसोबत भूम आणि परंडा हे तालुकेही आहेत. स्कॅनच्या ठिकाणी ‘रंगाचं इंजेक्शन देऊन सिटी’ असं कानावर पडलं की नातेवाईक आधी घाबरतात, मग विचारतात.

रंग कशालाच चढत नाही. शिरेतून जातं ते पाण्यासारखं स्वच्छ औषध, त्यात आयोडीन असतं. आयोडीन क्ष-किरण जास्त अडवतं, म्हणून ते पोचलेला भाग चित्रात पांढरा उठतो. मूत्रपिंडं ठीक असतील तर बहुतेक औषध २४ तासांत लघवीवाटे निघून जातं.

खरा घोळ पुढे आहे. ‘जितकं पांढरं, तितकं औषध’ असं सर्रास मानलं जातं. सिटीचा आकडा हाउन्सफिल्ड एककात येतो: पाणी शून्य, हवा उणे एक हजार. पण हा आकडा फक्त किरण किती अडले ते सांगतो, कशामुळे अडले ते सांगत नाही. मूत्रपिंडातली गाठ इंजेक्शननंतर ६० दाखवत असेल, तर ती जुनं रक्त साचलेली निरुपद्रवी पिशवी असू शकते किंवा रक्तपुरवठा असलेला ट्यूमरही. एरवी हे ठरवायला इंजेक्शनआधीचा स्कॅनही लागतो.

यावरचा उपाय म्हणजे स्पेक्ट्रल सिटी. ती त्याच जागेकडे कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांच्या किरणांनी बघते. ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आयोडीनची किरण शोषण्याची क्षमता एकदम उसळते आणि त्यापुढे ऊर्जा वाढेल तशी झपाट्याने घटते. म्हणून १४० किलोव्होल्टपेक्षा ८० ला आयोडीन जवळपास दुप्पट उजळ दिसतं; मांस-पाणी फारसं बदलत नाही. या फरकावरून आयोडीन मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम आहे याचा हिशेब निघतो. तेच वजा केलं की इंजेक्शन न देता काढल्यासारखं चित्रही मिळतं. ही युक्ती सिटी स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी १९७३ मध्येच सुचवली होती. यंत्रांना तिथवर यायला तीन दशकं लागली. किरणांचा एकेक कण मोजणाऱ्या सिटीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती तर २०२१ मध्ये.

दोन ऊर्जा म्हणजे दुप्पट किरणोत्सर्ग, हाही गैरसमजच. डोस दोन्हींत वाटला जातो आणि एकूण मात्रा साध्या सिटीइतकीच ठेवता येते. मात्र आयोडीनचा आकडा आला म्हणजे निदान झालं, असं समजणारे मला जास्त धोकादायक वाटतात. हृदय किती जोरात रक्त ढकलतं, इंजेक्शननंतर किती सेकंदांनी चित्र घेतलं, यावर तो हलतो. म्हणून तो बऱ्याचदा महाधमनीतल्या आयोडीनशी ताडून बघतात.

समुद्र इतका लांब असूनही ‘मासे चालत नाहीत, मग हे कसं चालेल?’ असं इथेही विचारतात. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. पूर्वी याच इंजेक्शनने पुरळ किंवा धाप आली असेल, तर ते मात्र आधी सांगायलाच हवं. मूत्रपिंडाचा धोकाही सरसकट नाही; तो मुख्यतः ज्यांची मूत्रपिंडं आधीच खूप अधू आहेत त्यांना. अशांसाठी कमी ऊर्जेच्या चित्रात आयोडीन उठून दिसत असल्याने औषधाची मात्रा घटवता येते. मूत्रपिंडं कितपत चालतात ते आधी कळावं, म्हणूनच क्रिएटिनीनचा रिपोर्ट मागतात.