दीर्घकालीन वेदना आणि विद्युत चेतातंतू उद्दीपन : सिद्धांत, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

इजा झाल्यावर होणारी वेदना ही शरीराला मिळणारी धोक्याची सूचना होय. जखम भरून येताच ती ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना मात्र दीर्घकालीन मानली जाते. तिच्यातील सूचनेचे प्रयोजन बहुधा संपलेले असते. झोप, कामकाज व मनःस्वास्थ्य यांवरील भार तेवढा उरतो. वेदनाशामक औषधांचे दीर्घ सेवन जठर व मूत्रपिंडांस अपायकारक ठरू शकते. म्हणून औषधेतर उपायांचा विचार आवश्यक ठरतो. विद्युत उद्दीपन हा त्यांपैकी एक होय.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखीवर विजेचा झटका देणाऱ्या माशाचा उपयोग सांगितला होता. या कल्पनेला शास्त्रीय बैठक लाभली ती १९६५ मध्ये, रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांच्या द्वारनियंत्रण सिद्धांतामुळे. वेदनेचा संदेश बारीक, तर स्पर्शाचा संदेश जाड चेतातंतूंतून मज्जारज्जूकडे जातो. जाड तंतू उद्दीपित झाले की वेदनेच्या संदेशाचे द्वार अंशतः बंद होते. ठेच लागलेला भाग चोळल्यावर बरे वाटते, त्याचे स्पष्टीकरण येथे मिळते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. मूळ सूत्र मात्र टिकून आहे.

उद्दीपनाचे प्रकार :

(१) त्वचेवरून उद्दीपन : यास 'टेन्स' म्हणतात. बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणातून त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांद्वारे सौम्य विद्युतस्पंद दिले जातात. सुमारे ५० ते १०० हर्ट्झ वारंवारतेला मुंग्या आल्यासारखे जाणवते व मुख्यतः जाड तंतू उद्दीपित होतात. २ ते ४ हर्ट्झच्या तीव्र स्पंदांनी स्नायू फडफडतात आणि शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा वेदनाशमनात सहभाग असतो.

(२) मज्जारज्जू उद्दीपन : १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी असे उपकरण प्रथम रुग्णाच्या शरीरात बसविले. यात विद्युतअग्रे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, तर बॅटरी त्वचेखाली असते. कायम रोपणापूर्वी काही दिवस चाचणी घेतली जाते.

परिणामकारकता व मर्यादा :

औषधाच्या चाचणीत निष्क्रिय गोळी देता येते. येथे मुंग्या जाणवल्या की नाही यावरून रुग्णाला खरे-खोटे उपकरण ओळखता येते. त्यामुळे निःपक्ष तुलना कठीण होते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याला दीर्घकालीन वेदनेवरील टेन्सच्या लाभाविषयी ठाम निष्कर्ष काढता आला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००८ मध्ये चेतासंस्थेच्या विकारातून उद्भवणाऱ्या वेदनेसाठी मज्जारज्जू उद्दीपनाची सशर्त शिफारस केली. २०२१ मध्ये मात्र प्राथमिक दीर्घकालीन वेदनेसाठी टेन्स देऊ नये असे सुचविले. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातही कंबरदुखीवर मज्जारज्जू उद्दीपनाचा टिकाऊ लाभ संभवनीय दिसला नाही. रोपणात जंतुसंसर्ग व विद्युतअग्रे सरकण्याचा धोका असतो. हृदयात पेसमेकर असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याविना टेन्स वापरू नये. गळ्याच्या पुढील भागावर तर पट्ट्या कधीही लावू नयेत.

समारोप :

विद्युत उद्दीपन वेदनेचे कारण दूर करीत नाही. ते केवळ तिच्या संदेशात हस्तक्षेप करते. म्हणून निदान, व्यायाम व मानसिक आधार यांना ते पर्याय ठरू शकत नाही. उपकरणामुळे रुग्णाची झोप व हालचाल सुधारली का, हाच त्याच्या उपयुक्ततेचा निकष असावा. सुधारणा होत नसल्यास उपचार थांबविणे, हेही शास्त्रीय दृष्टीचेच लक्षण होय.