पडद्यावाचून आलेख

संगणक म्हटला की त्याच्यासमोरचा पडदा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या संगणकांवर आज हवामानाची भाकिते केली जातात किंवा दुर्बिणींची निरीक्षणे तपासली जातात, त्यांतील बहुतेकांना पडदा नसतोच. थंड ठेवलेल्या दालनांत, कपाटांमध्ये रचलेल्या अशा संगणकांना ‘सर्व्हर’ म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत 2024 मध्ये कार्यान्वित झालेला ‘अर्क’ हा महासंगणकही अशा कपाटांच्या रांगांचाच बनलेला आहे. संशोधक दूर बसून आज्ञा पाठवितो आणि काम रात्रभर आपोआप चालते.

अशा ठिकाणी आलेख काढावयाचा झाला म्हणजे एक चमत्कारिक अडचण उद्भवते. आज्ञावली कित्येक तास आकडेमोड करते आणि अखेरीस, आलेख काढण्याच्या क्षणी, ‘पडदा सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. तोवरची उत्तरे साठविलेली नसली तर रात्रीची सारी मेहनत व्यर्थ जाते.

असे का व्हावे? लिनक्ससारख्या प्रणालींवर खिडक्या दाखविण्याचे काम पुष्कळ वर्षे ‘एक्स’ नावाची व्यवस्था करीत आली आहे. तिचा आरंभ 1984 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाला. खिडकी कोणत्या पडद्यावर उघडावी, हे आज्ञावली ‘डिस्प्ले’ नावाच्या एका नोंदीत पाहते. सर्व्हरवर ही नोंद कोरी असते; म्हणून खिडकी उघडत नाही आणि खिडकीवर विसंबलेला आलेखही निघत नाही.

वस्तुतः आलेख काढणे आणि तो दाखविणे ही दोन निराळी कामे आहेत. पंचांगकर्ता घरात बसून ग्रहणाची वेळ काढतो. त्यासाठी त्याला आकाशाकडे पाहावे लागत नाही. चित्राचेही तसेच आहे. समजा, 640 बिंदू रुंद आणि 480 बिंदू उंच असे चित्र हवे आहे. त्यात 3,07,200 चित्रबिंदू होतील. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार अंक ठेवले, तर एकूण 12,28,800 अंक झाले. संगणकाच्या स्मृतीत ठेवलेली ही अंकांची मालिका हेच ते चित्र होय. समास वगळून या उंचीवर 0 ते 48 अंश तापमान दाखवावयाचे असेल, तर प्रत्येक अंशास 10 बिंदू मिळतात. 37 अंशांची खूण खालून 370 बिंदूंच्या उंचीवर पडते. तिरपी रेघ एखाद्या पांढऱ्या बिंदूचा चतुर्थांशच व्यापीत असेल, तर त्या बिंदूला त्याच प्रमाणात करडी छटा दिली जाते. त्यामुळे रेघ दातेरी दिसत नाही. हे सारे गणित आहे. त्यात पडद्याचा संबंध कोठेही येत नाही.

हाच विचार ‘मॅटप्लॉटलिब’ या विख्यात आलेख-संचात केलेला आढळतो. मज्जासंस्थेचे अभ्यासक जॉन हंटर यांनी तो रचला आणि 2003 मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. आलेखाची मांडणी एका भागाने करावी व प्रत्यक्ष रेखाटन दुसऱ्याने, अशी त्याची योजना आहे. रेखाटन करणाऱ्या भागांपैकी ‘ॲग’ हा खिडकी न उघडता स्मृतीतच चित्र पुरे करून ‘पीएनजी’ फाईल लिहितो. 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पडदा नसल्यास ‘ॲग’ची निवड आपोआप होते. तथापि आज्ञावलीत खिडकीचाच आग्रह धरला असेल, तर अडचण कायम राहते. म्हणून आरंभीच ‘ॲग’ निवडावा आणि चित्र ‘दाखव’ असे न सांगता ‘साठव’ असे सांगावे.

काही जुन्या आज्ञावल्या खिडकीवाचून चालतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘एक्सव्हीएफबी’ हा उपाय आहे. तो स्मृतीचाच एक भाग पडदा म्हणून पुढे करतो. सर्व्हरवरील खिडकी दूरच्या आपल्या पडद्यावर आणण्याचीही सोय आहे. परंतु मध्येच संपर्क तुटला तर कामही तुटते. रात्रभर चालणाऱ्या कामास ती उपयोगी नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेकडो आलेख एकामागून एक काढताना प्रत्येक आलेख साठविल्यावर बंद करावा, नाहीतर स्मृती भरत जाते. वीसहून अधिक आलेख उघडे राहिल्यास मॅटप्लॉटलिब तशी सूचनाही देते. दुसरी गोष्ट अक्षरांची. या संचासोबत येणाऱ्या ‘देजावू सॅन्स’ या टंकात देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी नावे दिली, तर त्यांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटतात. समोर पडदा नसल्याने ही चूक तेथे कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून देवनागरी टंक सर्व्हरवर आधीच बसवावा आणि रात्रीचे काम लावण्यापूर्वी एक नमुन्याचे चित्र काढून, ते आपल्या संगणकावर आणून, डोळ्यांनी पाहावे.